कीर्तनातली खरखर

घोडेगावच्या एस.टी. स्टँडसमोर माझं दुकान होतं. पाटीवर 'रेडिओ-टेप दुरुस्ती' असं लिहिलेलं असलं, तरी तालुक्यात मला 'कीर्तन भरणारे' म्हणूनच ओळखत. आमच्याकडे कॅसेट भरतात, कणगी भरावी तशी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून पुढची पंधरा-सोळा वर्षं मी आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतल्या गावोगावच्या हरिनाम सप्ताहांतली कीर्तनं-प्रवचनं भरली. आधी कॅसेटवर, मग कॅमेऱ्यावर. ती गिरणीत वाजली, टेम्पोत वाजली, गोठ्यात धारा काढताना वाजली आणि केबल आल्यावर रोज सकाळी तासभर टीव्हीवर दिसली. महाराज मंडळी बोलली, मी पोचवलं. या कामाचा मला अभिमान आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात अभिमान बाळगण्यासारखं फारसं नाही.

शहरातल्या वाचकांसाठी दोन गोष्टी सांगायला हव्यात. सप्ताह म्हणजे देवळात सात दिवस अखंड चाललेलं नाम. पहाटे काकडा, मग पोथीचं पारायण, चारच्या सुमाराला प्रवचन, जेवणं उरकल्यावर कीर्तन. आठव्या दिवशी सकाळी दहा ते बारा काल्याचं कीर्तन होतं, दहीहंडी फुटते, गाव जेवतं आणि सप्ताह संपतो. या सगळ्या काळात वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून तो दुसऱ्याच्या गळ्यात जातो. दोन-दोन तासांचे पहारे गावातल्या माणसांनी वाटून घेतलेले असतात. देवळात चिटपाखरू नसलं तरी वीणेकरी उभा असतो, तार छेडत, तोंडानं नाम घेत. त्याला बोलायचं काही नसतं. म्हणूनच माझ्या लेखी तो कीर्तनाचा भागच नव्हता.

माझ्या लेखी कीर्तन म्हणजे महाराजांचं बोलणं. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपते आणि कीर्तन तर दोन तासांचं. म्हणजे मधे तीन वेळा हात चालवावा लागायचा, कधी कॅसेट उलटायला, कधी नवी घालायला. तो क्षण निवडणं हीच या धंद्यातली खरी कारागिरी. मी अंदाज बसवला होता. महाराज थांबले आणि टाळकऱ्यांनी चाल धरली की खटकन उलटायची. त्यामुळे माझ्या कॅसेटींत महाराजांचा शब्द सहसा तुटलेला नसायचा, टाळकरी मात्र सगळीकडे अर्धवट.

एकदाच अंदाज चुकला. महाळुंगे पडवळचे एक गृहस्थ सायकल मारत दुकानात आले. धाप लागलेली.

"भाऊ, त्या राजाचं पुढं काय झालं?"

"कोणत्या राजाचं?"

"कॅसेटीतल्या. राजा जंगलात वाट चुकला, झोपडीपाशी आला, दार वाजवलं, आन् बाजू संपली. उलटी केली तर निराळंच चाललंय."

मला तो दृष्टान्त पाठ होता. मी सांगायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला. "तुमी सांगू नका राव. म्हाराजांच्या तोंडचं असंल तर द्या. न्हाईतर राहू दे त्याला दारात." ते तसेच परत गेले. तो राजा अजून झोपडीच्या दारात उभा असणार.

लेण्याद्रीच्या पायथ्याशी एका फूलवाल्याच्या टपरीवरही मी कॅसेटी ठेवल्या होत्या. गणपतीला चढून जाणारी माणसं आरत्या घेत, प्रवचनाकडे ढुंकून बघत नसत. टपरीवाला म्हणायचा, "तुमचा हरी बसून ऐकायचा असतो, इथं सगळ्यांना पायऱ्या चढायच्या घाईत." पुढं केबल आली आणि घरबसल्या ऐकणाऱ्यांची सोय झाली. एका आजींनी दुकानात येऊन विचारलं, "म्हाराज टीवीतून मला बगत्यात का वो?" मी नाही म्हटलं. "मंग बरं. मी भाकरी थापत ऐकती." त्यांच्या सुनेनं नंतर सांगितलं की त्या थापतात भाकरीच, पण डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत.

माझं सगळं नाव होतं ते स्वच्छ आवाजासाठी. 'घोडेगाववाल्याच्या कॅसेटीत खरखर नाही,' असं लोक जुन्नरपर्यंत म्हणत. ते नाव मी कसं राखलं हेही सांगतो. माईकला स्पंज बांधायचो. खोकणाऱ्या म्हाताऱ्यांना मागं बसवायचो. एखाद्या बाईच्या कडेवरचं मूल रडायला लागलं की तिच्याकडे असं बघायचो की ती आपणहून उठून बाहेर जायची. देवळातून बाई उठवून मी देवाचं भरत होतो. तेव्हा ते लक्षात आलं नाही. आज आठवलं की मान खाली जाते.

ज्या महाराजांची कीर्तनं मी सर्वांत जास्त भरली, ते जुन्या वळणाचे. मूळचे जुन्नरकडचे, साठी ओलांडलेले, पेटीशिवाय कीर्तन करणारे. टाळ, मृदंग आणि वीणा, बस. त्यांनी माझ्याबद्दल तक्रार अशी कधी केली नाही. एकदाच कॅसेट ऐकून म्हणाले, "टाळकरी कापलेत तुम्ही."

"जागा पुरत नाही महाराज. बोध तेवढा महत्त्वाचा."

ते हसले. "बोध कुठं असतो ते तुम्हाला सापडलं म्हणायचं. मी अजून हुडकतोय."

मला ते कौतुकच वाटलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. शिनोली सोडून भीमाशंकरच्या दिशेनं गेलं की डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे. भात, नाचणी, वरई पिकवणारी पंचवीस-तीस घरं. नाव देत नाही, ती माणसं अजून आहेत. वाडी लहान, पण सप्ताह जुना, आणि आजोबांच्या काळापासून त्यात खंड नाही हा तिथल्या माणसांचा मोठा मान. काल्याच्या कीर्तनाला वीण्याचा पहारा गेनूबाबांचा. हा शेवटचा पहारा, सगळं गाव हजर असताना उभं राहायचं, म्हणून तो मानाचा. गेनूबाबा सत्तरीचे, काटक, उंच, कमी बोलणारे. त्यांच्या वडिलांकडून तो पहारा त्यांच्याकडे आला होता.

केबलवर आमचा तास सुरू होऊन वर्ष झालं होतं. मी नवा कॅमेरा घेऊन वाडीवर गेलो. काल्याची सकाळ. महाराज उभे राहिले, मागं गेनूबाबा. मी कॅमेऱ्यातून बघितलं तर महाराजांच्या खांद्यावर वीण्याचा भोपळा आणि डोक्यामागं बाबांची हनुवटी. कानाला हेडफोन लावला तर वीण्याची तार माईकमध्ये खरखरत होती. झूं, झूं, झूं. महाराज अजून नमनाला लागले नव्हते. मी पुढं गेलो.

"बाबा, जरा त्या खांबापाशी उभे राहता का? आणि तेवढी तार छेडू नका."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "वाजवायचा न्हाई?"

"कीर्तन होईपर्यंत. गळ्यात असू द्या की. खाली कुठं ठेवायला सांगतोय मी?"

टीव्हीवाल्या माणसाला या कामातलं जास्त कळत असणार, असं त्यांना वाटलं असावं. ते खांबापाशी गेले आणि तारांवर तळहात ठेवून उभे राहिले. दोन तास. टाळ-मृदंगाच्या गजरात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला तर आनंदच झाला होता.

चित्रीकरण झकास झालं. एकूण एक शब्द नाण्यासारखा खणखणीत. केबलवर दाखवलं तेव्हा मंचरपासून निरोप आले. एकच गोष्ट खटकली. अभंग म्हणताना महाराजांचा सूर सारखा घसरत होता, ते चाचपडत होते. मी मनाशी म्हटलं, वय झालं. तसं एक-दोघांजवळ बोललोही. हळूहळू त्यांचे दिवस कमी करून मी पेटीवर गाणाऱ्या एका तरुण कीर्तनकारांना जास्त वेळ द्यायला लागलो. महाराजांनी त्याबद्दल विचारलं नाही.

पुढच्या वर्षी सप्ताहाच्या पहिल्या दिवशी वायरी जोडायला वाडीवर गेलो. देवळाच्या फळ्यावर पहाऱ्यांची नावं खडूनं लिहिलेली असतात. काल्याच्या पहाऱ्याला दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. मी विचारलं तर माणसं म्हणाली, बाबांचे गुडघे गेले. मला चुटपुट लागली, म्हणून घरी डोकावलो. त्यांची सून सुमन अंगणात भांडी घासत होती.

"गुडघ्याला काय धाड भरलीय? डोंगरावरनं पाल्याचं भारं आणत्यात की," ती म्हणाली. "देवळात जात न्हाईत. गेल्या काल्यापासनं एकदाबी न्हाई. रस्त्यावरनंच हात जोडत्यात. काय झालं ते सांगत न्हाईत, आन् घरात कुणाशी धड बोलत न्हाईत. तुमी तरी इचारा भाऊ."

बाबा खाचरात राब भाजायची तयारी करत होते. भाताच्या रोपासाठी वाफ्यावर शेण, पालापाचोळा पसरायचा आणि तो जाळायचा, अशी इकडची रीत आहे. मी बांधावर बसलो. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं.

"माझ्याकडनं खंड पडला," ते हातातलं काम न थांबवता म्हणाले. "दोन घंटं वीणा मुका व्हता."

"बाबा, मी सांगितलं म्हणून ना?"

"सांगितलं तुमी. पर गळ्यात माझ्या व्हता."

"मग गावाला का नाही सांगितलंत? माझं नाव का नाही घेतलंत?"

आता त्यांनी वर बघितलं. "गावानं तुमाला परत येऊ दिलं नसतं. ह्या गावानं न्हाई, त्या गावानं न्हाई. लोकं सकाळी टीवीवर देवाचं ऐकत्यात. जात्या-येत्या म्हातार्‍या बाया मला सांगत्यात. माझ्यापायी ते कशाला बंद पडावं?"

इतकी वर्षं मी लोकांपर्यंत जे पोचवत होतो, ते या माणसानं एका वाक्यात माझ्या पुढ्यात ठेवलं होतं आणि तेही शेणानं भरलेल्या हातांनी, काम करता करता. मी उठलो आणि देवळाकडे आलो.

आणि गप्प बसलो. हे लिहायला जड जातंय, पण सहा दिवस मी तोंड उघडलं नाही. त्या सहा दिवसांत मला सगळं आठवलं. दुसऱ्या गावांनी दिलेल्या तारखा, केबलवरचा तास, 'खरखर नाही' म्हणणारी माणसं. सप्ताह मोडणारा असं एकदा नाव पडलं की आमच्या भागात कुणी मांडवात उभं करत नाही. रोज सकाळी ठरवायचो आणि प्रवचन भरून झालं की वायरी गुंडाळून निघायचो. रस्त्यावरून जाताना बाबा कधी दिसले तर हात करायचे. तो हात चुकवण्यासाठी मी मोटारसायकल जोरात काढायचो.

काल्याच्या दिवशी सकाळी मांडव भरला होता. महाराज गादीवर येऊन उभे राहिले होते. कीर्तनाआधी मी माईक तपासतो. 'हॅलो, हॅलो' म्हणायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच काम. मी हॅलो म्हटलं. कर्ण्यातून माझाच आवाज डोंगरावर जाऊन परत आला. मग मी बाजूला झालो नाही.

"गेल्या वर्षी या कीर्तनाला वीणा वाजला नाही," मी म्हणालो. "दोन तास. गेनूबाबांना मी वाजवू दिला नाही. माझ्या कॅसेटीत आवाज येत होता म्हणून. बाबांचे गुडघे चांगले आहेत."

मग मागून एक जण म्हणाला, "म्हंजी सप्ता खंडला की राव." दुसरा उठून उभा राहिला. "ह्याच्या वायरी काढा आदी." दोघे-तिघे पुढं यायला लागले.

महाराजांनी हात वर केला. "थांबा. गेनूबाबांना बोलवा."

बाबा येईपर्यंत सगळे तसेच बसून होते. मी माईकपाशी उभा. सुमननं त्यांना हाताला धरून आणलं. ते मांडवाच्या कडेला थांबले, आत यायला तयार होईनात. महाराज गादीवरून उतरून त्यांच्यापाशी गेले.

"बाबा, गेल्या वर्षी मला सूर सापडंना," महाराज म्हणाले. "मागं वळून बघितलं तर तुम्ही जाग्याला नव्हता. घरी जाऊन बायकोला म्हटलं, आता कीर्तन बंद करतो, गळा गेला. वर्षभर तेच धरून बसलोय."

म्हणजे एकाला वाटत होतं माझा पहारा मोडला, दुसऱ्याला वाटत होतं माझा गळा गेला. चूक तिसऱ्याची आणि तो तेवढा वर्षभर मजेत होता.

महाराज मांडवाकडे वळले. "आजचा पहारा दोघांचा. पहिला तास या कॅसेटवाल्यांचा. दुसरा बाबांचा. मग झालं ना गावाचं समाधान?"

मघा उभा राहिलेला माणूस खाली बसला.

"महाराज, कॅमेरा?" माझ्या तोंडून गेलंच. माणसाची खोड जात नाही.

"तिथं मी बसतो," गेनूबाबा म्हणाले. "कुटं हात लावायचा न्हाई तेवढं सांगा."

मी यंत्र सुरू करून दिलं आणि वीणा गळ्यात घेतला. तो पहाऱ्यावरच्या माणसाच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घालेपर्यंत तार वाजत राहावी म्हणून बाबांनी स्वतःच्या अंगठ्यानं ती छेडत ठेवली होती. महाराजांच्या पाठीमागं मी उभा राहिलो. आयुष्यभर मी कीर्तनाच्या समोर उभा होतो, हेडफोन लावून. मागं उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळलं की महाराज अभंगाला सुरुवात करण्याआधी किंचित मान मागं करतात, तारेकडे कान देतात आणि मगच तोंड उघडतात. माझा हात अडखळला की त्यांचा आवाजही शोधायला लागायचा. मी सावरलो की ते सावरायचे. तासाभरात माझा अंगठा सोलून निघाला. गळ्याला दोरी काचत होती. त्या दिवशी कशावर निरूपण झालं हे विचाराल तर मला सांगता येणार नाही.

तास झाल्यावर बाबा उठले. त्यांनी आधी गादीला, मग वीण्याला हात लावून डोळ्यांना लावला आणि तो गळ्यात घेतला. मी कॅमेऱ्यापाशी आलो. महाराजांच्या खांद्यावर भोपळा, डोक्यामागं बाबांची हनुवटी. मी चौकट बदलली नाही.

ते कीर्तन केबलवर जसंच्या तसं दाखवलं. खरखर आहे म्हणून चार लोकांनी सांगितलं, मशीन दुरुस्त करून घ्या असाही सल्ला मिळाला. तीन गावांनी त्या वर्षी बोलावलं नाही. दोघांनी पुढं बोलावलं, एकानं कधीच नाही. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. महाराज त्यानंतर अजून काही वर्षं उभे राहिले, आणि त्यांचे दिवस मी परत दिले. कडेवर मूल घेतलेल्या बाया आता पुढं बसायच्या.

मग उपग्रहावरच्या मोठ्या वाहिन्या आल्या, त्यांच्यापुढं आमच्या तासाकडे कोण बघणार? तो बंद पडला. दुकान भाच्याला दिलं, तो मोबाइल दुरुस्त करतो. दुकान आवरत होतो त्याच सुमाराला सुमन आली. गेनूबाबा जाऊन महिना झाला होता.

"भाऊ, मामंजींचा आवाज हाय का तुमच्याकडं? फोटो हाय एक, पर आवाज कुटंच न्हाई."

मी खोक्यांकडे बघितलं. पंधरा-सोळा वर्षांचं भरलेलं, शेकड्यांनी कॅसेटी. सगळ्यांत महाराज लोक बोलत होते. गेनूबाबा एकाही कॅसेटीत एक शब्द बोललेले नव्हते, आणि जिथं ते होते तिथून मी त्यांना काढून टाकलं होतं. मग आठवलं, आणि मी ती काल्याची टेप शोधून काढली. पहिला तास मी पुढं सरकवला. तो अडखळत वाजतो, तो मी आहे. दुसऱ्या तासापासून लावली.

महाराज अभंग म्हणत होते. ती स्टुलावर बसून ऐकत राहिली. मी म्हणालो, "बाई, ते बोलत नाहीत यात. मागं नुसती तार आहे."

तिनं मला हातानं गप्प केलं.

"हेच की," ती म्हणाली, आणि पदर डोक्यावर घेतला.